क्रीटच्या धर्मशाळेत आठ दिवस

आपल्याकडे मनुष्य एकटा परगावी निघाला, तर त्याची कारणे ठरलेली असतात. नोकरी, कोर्टाची तारीख, नाहीतर कोणाचे तरी दुखणे. यात्रेला जायचे झाले तरी शेजारची चार माणसे आणि लाडवांचा डबा बरोबर लागतोच. त्यामुळे गेल्या मे महिन्यात आपण ग्रीस देशातील एका बेटावर आठ दिवस जाणार आहोत, एकटेच जाणार आहोत आणि तेथे काहीही करणार नाही आहोत, असे मी दांडिया बाजारातील आमच्या मंडळींना सांगितले तेव्हा कोणाचा विश्वास बसेना. एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "मास्तर, घरी काही बिनसले नाही ना?" दुसऱ्यांची खात्री होती की मला तिकडे कार्यक्रम मिळाला आहे आणि दृष्ट लागू नये म्हणून मी तो सांगत नाही. आमच्या सौ.ने मात्र काही न विचारता बॅग भरून दिली. लाडवांचा डबा त्यात होताच.

कारण साधे होते. माझा व्यवसाय गाणे शिकवण्याचा. दिवसाचे सात-आठ तास घरात पेट्या वाजत असतात. एका खोलीत काळी एक, दुसऱ्या खोलीत पांढरी पाच, आणि मधल्या दारात मी. दोन वर्षांपूर्वी माझ्या डाव्या कानात शिट्टीसारखा एक बारीक सूर सुरू झाला तो थांबेना. रात्री सामसूम झाली म्हणजे तो अधिकच स्पष्ट ऐकू येई. डॉक्टरांनी तपासून सांगितले की हा सूर बाहेरचा नव्हे, त्यावर हमखास औषध नाही. कानांना विश्रांती द्या, आणि जमल्यास समुद्राजवळ राहा, लाटांच्या आवाजात तो झाकला जातो. समुद्र आपल्याकडेही आहे. पण आपल्या समुद्रावर कोणी ना कोणी भेटतेच आणि म्हणतेच, "गुरुजी, आमच्या मुलीचा आवाज जरा ऐकता का?" मला जेथे कोणी गुरुजी म्हणणार नाही असा समुद्र हवा होता. माझा एक जुना विद्यार्थी जहाजावर इंजिनियर आहे. त्याने क्रीटचे नाव सुचवले, आणि हॉटेलात न उतरता हॉस्टेलात उतरा, असेही सांगितले.

हॉस्टेल म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे विद्यार्थ्यांचे वसतिगृह उभे राहते. हे प्रकरण निराळे. याला आपल्याकडचा जुना शब्द धर्मशाळा हाच, फक्त पैसे रोजच्या रोज मोजावे लागतात. कल्पना मूळची एका जर्मन शाळामास्तराची. रिचर्ड शिरमन हे त्याचे नाव. पोरांना घेऊन पायी भटकंतीला जाणाऱ्या या मास्तराला रात्री मुक्काम कोठे करावा ही अडचण पडे. त्यातून १९१२ साली अल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात पहिले कायमचे प्रवासी वसतिगृह निघाले. पुढे ही चाल जगभर पसरली. एका खोलीत सहा-आठ माणसे, एकावर एक अशा खाटा, स्वयंपाकघर सर्वांचे, आणि भांडी ज्याची त्याने घासायची. वयाची अट आता बहुतेक ठिकाणी राहिलेली नाही. नाहीतर सेहेचाळिसाव्या वर्षी मला कोण घेणार होते!

अथेन्सच्या पिरीअस बंदरातून रात्री निघालेली बोट सुमारे नऊ तासांनी क्रीटच्या हेराक्लिओन बंदराला लागते. मी डेकवर बाकावर पडून होतो. इंजिनाची घरघर इतकी एकसुरी होती की कानातला सूर तिच्यात विरघळून गेला आणि कित्येक महिन्यांनी मला सलग झोप लागली. क्रीट हे ग्रीसचे सर्वांत मोठे बेट. लांबी सुमारे २६० किलोमीटर, क्षेत्रफळ गोव्याच्या सव्वादोन पट. मधोमध डोंगरांची रांग आहे, त्यांतला प्सिलोरितिस २४५६ मीटर उंच. मे महिन्यातही त्याच्या माथ्यावर बर्फाचे पट्टे दिसत होते आणि खाली बसच्या खिडकीतून ऑलिव्हच्या बागा संपता संपत नव्हत्या. दीड तासाने रेथिम्नो आले. तेथेच मी उतरलो.

हॉस्टेल जुन्या गावातल्या एका गल्लीत होते. मध्ये चौक, चौकावर द्राक्षवेलीचा मांडव, मांडवाखाली लांब टेबल. आमच्या खोलीत सहाजण होतो. त्यांत मी वयाने दुसरा. पहिला मान रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका फ्रेंच गृहस्थाचा, वय ६८. हे गृहस्थ रात्री खर्जात असे घोरत की पहिल्या रात्री मला वाटले कोणी तंबोरा लावीत आहे, पण पंचम काही लागत नाही. बाकीची पोरे विशी-पंचविशीची. एक कोरियाचा विद्यार्थी, दोन डच, एक अर्जेंटिनाचा सुतार. कोणी कोणाला आडनाव विचारीत नाही, पगार विचारीत नाही, मुले किती हेही विचारीत नाही. आपल्याला हे प्रथम चमत्कारिक वाटते. दोन दिवसांनी बरे वाटू लागते. उलट स्वयंपाकघरात मात्र संकोच मुळीच नाही. लाडवांचा डबा मी टेबलावर ठेवला तो अर्ध्या तासात रिकामा झाला, आणि त्या फ्रेंच गृहस्थांनी मला कांद्याचे सूप करायला शिकवले.

तेथील दिवसाचा क्रम सांगावा असा काही नाही, आणि मौज तीच. सकाळी चौकात कॉफी. ही छोट्या लांब दांड्याच्या भांड्यात उकळतात आणि गाळत नाहीत. खाली चोथा बसेपर्यंत वाट पाहावी लागते. घाईने प्यायलात तर तोंडात चिखल. मग समुद्रावर दोन तास. दुपारी बाजारातून टोमॅटो, ऑलिव्ह आणि जवाचे कडक टोस्ट आणायचे. टोस्ट पाण्याने किंचित ओले करून त्यावर किसलेला टोमॅटो, ताजे चीज आणि भरपूर ऑलिव्हचे तेल घालतात, त्याला दाकोस म्हणतात. शाकाहारी माणसाची तेथे उपासमार होत नाही. त्यांच्या धर्मात उपासाचे दिवस पुष्कळ, त्यामुळे रानभाज्या, वाटाणे, वांगी यांचे पदार्थ घरोघर होतात. दुपारी दोन ते पाच सारे गाव झोपते. त्या वेळी गल्लीत मोठ्याने बोलणे असभ्यपणाचे समजतात. आपल्या बडोद्याची दुपारही एके काळी अशीच असे. आता भोंग्यांना दुपार कळत नाही.

पहिले तीन दिवस मला हे जमेना. पाण्यात उतरलो तरी मनात विलंबित एकताल चाललेला. लाट आली की सम शोधायची. हॉस्टेलचा व्यवस्थापक, एक मिशाळ क्रीटी गृहस्थ, माझी चाल पाहून म्हणे, "सिगा, सिगा." म्हणजे सावकाश, सावकाश. हा शब्द तेथे दिवसातून पन्नास वेळा ऐकू येतो. आमचे आप्पा विद्यार्थ्याला नेमके हेच सांगत, आणि तेही दोनदाच.

गाव फिरायला अर्धा दिवस पुरतो, पण मी चार दिवस लावले. समुद्राकडे व्हेनिसच्या लोकांनी १५७३ साली बांधायला घेतलेला प्रचंड कोट आहे. इतका खर्च करूनही १६४६ साली गाव तुर्कांनी घेतलेच. १८९८ साली बेट स्वायत्त झाले, १९१३ साली ग्रीसला जोडले गेले, आणि १९२३ च्या करारानंतर येथल्या मुसलमान कुटुंबांना तुर्कस्थानात व तिकडच्या ग्रीक कुटुंबांना इकडे हलवण्यात आले. पिढ्यान्पिढ्या एका गावात राहून ज्यांना आपण येथलेच आहोत असे वाटत होते, त्यांना एका कागदाने सांगितले की तुम्ही येथले नाही. दोनशे वर्षे परमुलखात घर करून राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांनी हा इतिहास वाचताना थोडा वेळ थांबावे. गावात एक उंच मिनार आहे. मूळ चर्च, मग तुर्कांनी केलेली मशीद, आणि आता त्या घुमटाखाली संगीतशाळा भरते. मी बाहेर उभा होतो तेव्हा आतून कोणी तरी पियानोवर एकच ओळ पुन्हा पुन्हा चुकत होते. चूक कोठे होते आहे हे सांगायला आत जावे असे मला फार वाटले. पण मी विश्रांतीला आलो होतो.

तर चौथ्या संध्याकाळची गोष्ट. त्याच गल्लीत पुढे एक वाद्ये करणाऱ्याचे दुकान आहे. दुकान कसले, दहा बाय बाराची खोली. भिंतीवर नासपतीच्या आकाराची छोटी वाद्ये टांगलेली, खाली लाकडाचा भुसा. आत एक सत्तरीचा माणूस मांडीवर असे एक वाद्य उभे धरून गज फिरवीत होता. मी दारातच खिळलो. आवाजामुळे नव्हे, त्याच्या डाव्या हातामुळे. बोटे तारेवर वरून दाबली जात नव्हती. नखे बाजूने तारेला भिडत होती.

वाचकांपैकी ज्यांनी सारंगी जवळून पाहिली आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. व्हायोलिनवाला तार पट्टीवर दाबतो. सारंगीवाला तारेला नखाच्या मुळाशी बाजूने टेकवतो आणि सरकवतो. म्हणून त्याच्या नखांच्या मुळांशी घट्टे पडतात. माझे वडील सारंगी वाजवीत. आमचे घराणे मूळ गोमंतकातले. आजोबा सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत बडोद्यास आले आणि दरबारच्या कलावंत कारखान्यात लागले. आप्पा १९४६ साली, पंधराव्या वर्षी, तेथेच उमेदवार झाले. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि कारखान्याबरोबर त्यांची उमेदवारीही संपली. पुढे आकाशवाणीने त्यांना तारले. १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली होती ती १९७१ पर्यंत टिकली, आणि तोवर गायकामागे सारंगी हवीच असे. बंदी उठली, पेटी आली, आणि सारंगीवाल्यांना बोलावणी कमी झाली. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. बाराव्या वर्षापर्यंत त्यांनी मला सारंगी शिकवली; मग एके दिवशी स्वतःच ती माझ्या हातून काढून घेतली आणि म्हणाले, "पेटी धर. हिच्यावर पोट भरत नाही." ते गेल्यावर सारंगी गवसणीत घालून कपाटावर ठेवली आहे.

क्रीटच्या या वाद्याचे नाव लिरा. तारा तीन, एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर लावलेल्या. तुतीचे किंवा अक्रोडाचे लाकूड पोखरून करतात. सारंगीला कातडे असते, हिला पातळ लाकडाची फळी. तरफा नाहीत. पूर्वी गजाला घुंगरे लावीत, म्हणजे वाजवणाराच ताल धरी. आता साथीला लाऊतो नावाचे लांब मानेचे वाद्य असते. कूळ जुने आहे: नवव्या शतकातल्या इब्न खुर्दादबिह या भूगोलकाराने बायझंटियमच्या लिऱ्याचे वर्णन करून अरबांच्या रबाबाशी तिचे साम्य सांगितले आहे. तेव्हा ही आमच्या सारंगीची लांबची मावशी असावी असे म्हणायला हरकत नसावी. मी विद्वान नाही, पण तो हात पाहिल्यावर मला पुरावा लागला नाही.

कारागिराने मला खुणेने आत बोलावले. थोडे इंग्रजी त्याला येत होते, थोडे मला. मी माझी नखे दाखवली, हवेत गज फिरवून दाखवला, आणि त्याने मुकाट्याने लिरा माझ्या हातात दिली. चौतीस वर्षांनी माझ्या नखाखाली तार आली. सूर मिळायला वेळ लागला. पहिला गंधार कोमल की शुद्ध हे त्यालाही कळले नसेल. पण थोड्या वेळाने भूपाची चार अंगे निघाली. तो डोके हलवीत होता. मग त्याने मला एक प्रश्न विचारला, अगदी सहज, आपण एखाद्याला गाव कोणते विचारावे तसा: "तुमच्याकडे हे लग्नात कोण वाजवते?"

मला उत्तर सुचेना. आपल्याकडे सारंगी लग्नात वाजत नाही. ती कोठीवर वाजली, दरबारात वाजली, रेडिओवर गायकाच्या मागे वाजली; आणि देशातला कोणी मोठा पुरुष निवर्तला म्हणजे रेडिओवर दिवसचे दिवस नुसती सारंगीच वाजे, त्यामुळे आमच्या शेजारच्या बायका आप्पांनी रियाज सुरू केला की विचारीत, "कोण गेलं हो?" हे सारे मी त्याला कसे सांगणार? मी म्हटले, "लग्नात नाही. मोठा माणूस मेला की." त्याने काम थांबवले आणि माझ्याकडे पाहिले.

त्याने सांगितले ते असे. येथे लिऱ्याला राजा कधीच नव्हता. लग्न, बारसे, गावच्या देवाची जत्रा, मेंढ्यांची लोकर कातरण्याचा दिवस, अशा प्रसंगी गावकऱ्यांनी बोलवावे, नाचणाऱ्यांनी वाजवणाऱ्यापुढे नोटा टाकाव्या. गाणे म्हणजे मांतिनादा, पंधरा अक्षरांच्या दोन यमकबद्ध ओळी, आपल्या जात्यावरच्या ओवीसारख्या. कित्येकदा त्या जागच्या जागी रचल्या जातात आणि समोरचा तशाच दोन ओळींत उत्तर देतो. सतराव्या शतकात कोर्नारोसने रचलेले 'एरोतोक्रितोस' हे दहा हजारांवर ओळींचे प्रेमकाव्य याच मापात आहे आणि अजून गायले जाते. या गावचा रोदिनोस नावाचा वादक १९३४ साली अवघ्या बाविसाव्या वर्षी वारला. त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रिका आजही लोक ऐकतात. आणि मुंदाकिस (१९२६–१९९१) नावाचा लिरावादक होऊन गेला, त्याला सगळे नुसते 'मास्तर' म्हणत. बापाकडून मुलाने उचलावे ही जुनी रीत अपुरी पडू लागली, तेव्हा त्याने शहरांत वर्ग काढून शिकवायला सुरुवात केली.

येथे एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. १९५५ च्या सुमारास ग्रीसच्या सरकारी रेडिओने क्रीटच्या संगीतात व्हायोलिन चालणार नाही, लिराच हवी, असा दंडक घातला. बेटाच्या दोन्ही टोकांना व्हायोलिनची परंपरा जुनी होती. ते वादक अजून हा विषय निघाला की संतापतात म्हणे. सरकारी रेडिओने एका वाद्याला हाकलावे आणि दुसऱ्याला बळ द्यावे, हे दोन्हीकडे घडले. पण पेटीची बंदी उठताच आमची सारंगी उघडी पडली. लिरेमागे लग्ने उभी होती. आप्पांच्या पिढीने सारा दोष काळाला दिला. मला आता वाटते की सरकारी आश्रय, मग तो महाराजांचा असो की रेडिओचा, कलेला जगवतो खरा. पण ज्या कलेला शेजारी बोलावीत नाही तिला तो किती दिवस पुरणार? आपली जुनी मराठी घराणी मुंजी-लग्नांत सनईची टेप लावतात आणि संगीताचे प्रेम सांगतात. असो, हा विषय पुन्हा केव्हा तरी.

सहाव्या दिवशी मी बसने दक्षिणेकडे स्पिली गावी गेलो. सिंहांच्या मुखांतून थंड पाणी पडते असा तेथे व्हेनिसच्या वेळचा झरा आहे. रात्री एका खाणावळीत लिरा आणि लाऊतो बसले होते. प्रथम सिगानोस नावाचा संथ नाच, माणसे खांद्याला खांदा लावून. मग वेग वाढत पेंतोझाली. सहा वर्षांची पोरगी आजोबांच्या शेजारी नाचत होती आणि पाय चुकला की आजोबा तिला डोळ्यांनी दटावीत. आवाज बेताचा नव्हता. कान झाकून बाहेर जावे असा विचार आला, पण मी गेलो नाही. परत येताना कानातला सूर होताच. पण बसची, वाऱ्याची, बोलणाऱ्यांची भर पडत होती आणि माझे लक्ष त्याच्यावर टिकेना.

ग्रीक भाषेत क्सेनोस असा शब्द आहे. परका म्हणजे क्सेनोस, आणि जुन्या ग्रीकांत पाहुणाही क्सेनोसच. हॉटेलाला आजही ते 'परक्यांना घेणारे घर' याच अर्थाचे नाव वापरतात. हॉस्टेलचा हिशेब चुकता करताना व्यवस्थापकाने शेवटच्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत. म्हणाला, बोट रात्रीची आहे, दिवस गावाचा.

तो दिवस मी दुकानात घालवला. कारागिराने कोपऱ्यातून एक वेगळी लिरा काढली. रॉस डेली म्हणून मूळचे आयरिश वंशाचे एक वादक क्रीटमध्येच स्थायिक झाले आहेत. त्यांनी १९९० च्या सुमारास लिरा आणि आपली सारंगी यांच्या मेळातून नवी लिरा करवून घेतली. तीन मुख्य तारा, आणि खाली तरफा. आधी अठरा होत्या, पुढे बावीस झाल्या. तरफांच्या घोड्या आपल्यासारख्या जवारीच्या. तशीच एक या कारागिराने गिऱ्हाइकासाठी केली होती. तारा चढवून झाल्या होत्या, पण लावायच्या कशा यावर तो अडून बसला होता. त्याने खुंट्यांकडे बोट दाखवले आणि खांदे उडवले.

लहानपणी आप्पांच्या पस्तीस तरफा मीच लावीत असे; ते काम मुलाचे. मी बसलो. गिऱ्हाईक काय वाजवणार हे ठाऊक नव्हते, म्हणून वरच्या ओळीत बाराही सूर लावले आणि उरलेल्यांत भूप. डावा कान कामाचा नव्हता, तर उजवा खुंट्यांच्या बाजूला करून बसलो. तीन तास लागले. शेवटची तरफ मिळाली तेव्हा त्याने मधल्या तारेवर एक लांब गज ओढला आणि सारी खोली बोलू लागली. तो काही म्हणाला नाही; मागे जाऊन ऑलिव्हच्या तेलाची एक बाटली घेऊन आला, घरच्या झाडांचे तेल, आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली.

हे तेल फोडणीला चालत नाही, असे आमच्या सौ.चे मत आहे. मी ते रात्री नखांच्या मुळांना लावतो. तेथली कातडी अजून फार मऊ आहे, आणि अर्ध्या तासाच्या वर तार सोसत नाही.